आवाज टेलपर्यंत पोचतो का?

‘सर्व्हर चालू आहे’ हे वाक्य आपण हल्ली इतक्या वेळा ऐकतो की त्याचा अर्थ विचारावा असे कोणाला वाटतच नाही. बँकेत ऐकतो, परीक्षेचा अर्ज भरताना ऐकतो, सातबारा काढावयास गेल्यावर त्याची उलटी बाजूही ऐकतो. आणि २०२० सालापासून वर्गातही ऐकू लागलो. प्रस्तुत लेखात या एका वाक्याचा थोडा पाठपुरावा करावयाचा आहे. चालू आहे म्हणजे काय चालू आहे? आणि मुख्य म्हणजे, कोठून पाहिले असता चालू आहे?

कला शाखेच्या विद्यार्थ्याने या विषयात पडू नये, असे माझ्या काही मित्रांचे मत पडले. त्यावर माझे उत्तर एवढेच की, ‘कोठून कोठे’ हा प्रश्न संगणकशास्त्राच्या आधी भूगोलाचा आहे, आणि भूगोल हा माझा विषय आहे.

सरकारी कागदात ज्याला दूरदृश्य संवादप्रणाली म्हणतात तिला आपल्या तालुक्यांतील लहानमोठ्या कचेऱ्यांत सरळ ‘व्हीसी’ म्हणतात. झूम, गूगल मीट ही त्यांतील नावे शेंबड्या पोरालाही ठाऊक आहेत. ही साधने कंपन्यांची; त्यांची आतील घडण कुलपात असते. याखेरीज एक दुसरी परंपरा आहे, तिला मुक्तस्रोत म्हणजेच ओपन सोर्स म्हणतात. तिच्यात प्रणालीची संहिता सर्वांसाठी खुली असते. संहिता हा शब्द नाटकवाल्यांचाही आहे, आणि तो येथे चपखल बसतो. नाटकाची छापील संहिता कोणीही घ्यावी आणि आपल्या गावी प्रयोग लावावा; तसे हे प्रयोग जगभर लागलेले आहेत. संहिता एकच, पण रंगमंच निराळा, दिवे निराळे, व्यवस्थापक निराळे. ज्या प्रयोगाला कोणीही तिकिटाशिवाय येऊन बसू शकतो, तो सार्वजनिक सर्व्हर.

अशा दोन संहिता विशेष प्रसिद्ध आहेत. पहिली जित्सी. २००३ मध्ये फ्रान्समधील स्ट्रासबुर्ग विद्यापीठात एमिल इवोव या विद्यार्थ्याने अभ्यासातील प्रकल्प म्हणून तिचा आरंभ केला. प्रथम तिचे नाव ‘सिप कम्युनिकेटर’ होते. पुढे ‘जित्सी’ झाले. बल्गेरियन भाषेत या शब्दाचा अर्थ ‘तारा’, म्हणजे विजेच्या किंवा टेलिफोनच्या तारा. २०१५ मध्ये ती ॲटलासियन या कंपनीकडे आणि २०१८ मध्ये ‘एट बाय एट’ या कंपनीकडे गेली. संहिता मात्र खुलीच राहिली. दुसरी बिगब्लूबटन. ती २००७ मध्ये कॅनडातील ओटावा येथील कार्लटन विद्यापीठात सुरू झाली आणि आरंभापासून वर्ग डोळ्यांपुढे ठेवून घडवलेली आहे: फळा, हात वर करणे, मुलांचे गट पाडणे वगैरे. अनेक महाविद्यालयांत वापरली जाणारी मूडल ही अध्यापनप्रणाली आहे; तिच्या २०२२ च्या ४.० आवृत्तीपासून बिगब्लूबटन तिच्यातच अंतर्भूत झाले. दोन्ही संहिता उभ्या आहेत त्या वेबआरटीसी नावाच्या तंत्रावर. गूगलने २०११ मध्ये ते खुले केले आणि जानेवारी २०२१ मध्ये त्याला अधिकृत मानकाचा दर्जा मिळाला. निराळे ॲप न घालता नुसत्या ब्राउझरमधून आपण बोलू शकतो, ते या तंत्रामुळे.

इतिहास येथे पुरे करतो. या विषयाकडे मी वळलो त्याचे कारण निराळे आहे. माझी एक वर्गमैत्रीण भिगवणच्या पुढे, उजनीच्या फुगवट्यालगतच्या एका वस्तीवर राहते. एका संस्थेच्या वक्तृत्व स्पर्धेची पहिली फेरी व्हीसीवर झाली. विषय तिचा पाठ होता, भाषण आम्ही चार जणांनी ऐकले होते. तिचा क्रमांक आला, पडद्यावर चेहरा दिसत होता, ओठ हलत होते. परीक्षकांना ऐकू गेले ते मात्र तुटक तुटक, चाळणीतून गळाल्यासारखे. पाच मिनिटे संपली. निकालात तिच्या नावापुढे ‘सादरीकरण अपूर्ण’ एवढाच शेरा आला. संयोजकांना फोन केला तेव्हा ते सौजन्याने म्हणाले, “आमच्याकडून सर्व्हर चालू होता, बाकीच्यांचे व्यवस्थित झाले.” त्यांचे म्हणणे खोटे नव्हते. आणि म्हणूनच मला ते फार लागले.

व्हीसीच्या सर्व्हरला एकामागे एक तीन दारे आहेत असे समजावे. पहिले दार म्हणजे ब्राउझरमध्ये उघडणारे पान. दुसरे दार म्हणजे खोली: कोण आत आले, कोण गेले, कोणाचा माइक बंद आहे याचा हिशेब ठेवणारी व्यवस्था. तिसरे दार म्हणजे आवाज आणि चित्र वाहून नेणारा पूल. जित्सीमध्ये त्याला ‘व्हिडिओब्रिज’ असेच नाव आहे. ही तिन्ही कामे करणारे कार्यक्रम वेगवेगळे असतात, आणि एक चालू असताना दुसरा बंद पडू शकतो. सर्व्हरांवर देखरेख करणारी साधी साधने दर मिनिटाला किंवा पाच मिनिटांनी पहिल्या दारावर टकटक करतात. ओ मिळाली की हिरवा ठिपका लावतात. म्हणजे हिरव्या ठिपक्याचा अर्थ ‘फाटक उघडे आहे’ इतकाच. आत सभा भरली आहे की नाही, आणि भरली असल्यास मागच्या बाकावर ऐकू येते की नाही, याबद्दल ठिपका काही बोलत नाही.

तिसऱ्या दाराची गंमत समजण्यासाठी टपालाचे उदाहरण घेऊ. इंटरनेटवर मजकूर लहान लहान पाकिटांतून जातो. पाकिटे पाठवण्याच्या मुख्य पद्धती दोन. एक पोचपावतीसह रजिस्टर टपालाची: पावती आली नाही तर तेच पाकीट पुन्हा पाठवावयाचे. दुसरी साध्या कार्डाची: टाकले आणि विसरलो. पैसे पाठवताना रजिस्टर टपाल बरे. संभाषणाला मात्र साधे कार्डच बरे, कारण तीन सेकंदांनी उशिरा पोचलेला ‘म’ कोणाच्या कामाचा? त्यापेक्षा तो गळालेला परवडतो. म्हणून व्हीसीचा आवाज शक्यतो कार्डाच्या पद्धतीने जातो; जित्सीमध्ये त्यासाठी बहुधा १०,००० क्रमांकाचे स्वतंत्र द्वार असते. आता होते असे की, कित्येक संस्थांच्या वायफायवर सुरक्षिततेच्या नावाखाली हे द्वार बुजवलेले असते. मग आवाजाला आडवाटेने, रजिस्टर टपालाने जावे लागते. पान झटकन उघडते, खोलीत नावेही दिसतात, पण बोलणे मागून रखडत येते. तेव्हा सर्व्हरला नावे ठेवण्यापूर्वी आपल्याच भिंतीकडे पाहणे आवश्यक आहे.

पूल प्रत्यक्षात काय करतो? तीस जणांच्या वर्गात प्रत्येकाने आपले चित्र इतर एकोणतीस जणांना स्वतः पाठवावयाचे म्हटले, तर गावाकडील मोबाइल पहिल्या मिनिटातच मान टाकेल. म्हणून प्रत्येकजण आपले चित्र एकदाच पुलाकडे पाठवतो आणि पूल ते बाकीच्यांना वाटतो. तीस जणांकडून आत येणारे प्रवाह तीस. बाहेर जाणारे तीस गुणिले एकोणतीस, म्हणजे ८७०. सर्व्हरच्या पाठीवरील ओझे माणसांच्या संख्येप्रमाणे न वाढता जवळजवळ तिच्या वर्गाप्रमाणे वाढते, ते असे. पाच जणांच्या गप्पांत उत्तम ठरलेला सर्व्हर साठ जणांच्या तासाला का धापा टाकतो, याचे उत्तर या गुणाकारात आहे. यावर तोडगे आहेत. प्रत्येक फोन आपले चित्र मोठे, मध्यम आणि लहान अशा तीन मापांत पाठवतो आणि ज्याची जशी वाट तसे माप पूल त्याच्याकडे सोडतो. शिवाय शेवटी बोललेल्या ठरावीक जणांचीच चित्रे दाखवण्याची सोय असते.

बारामती-इंदापूरच्या वाचकाला हे सांगण्यास दुसऱ्या दाखल्याची गरज नाही. हा पूल म्हणजे पाटकरी. तो पाण्यात काही मिसळत नाही. कोणत्या चारीला किती आणि केव्हा सोडावयाचे एवढेच पाहतो. नीरा डावा कालवा वीर धरणापासून निघतो, पुरंदरातून बारामतीत व तेथून इंदापुरात येतो. धरणावर पाणी किती सोडले याचा आकडा वर्तमानपत्रात छापून येतो. परंतु इंदापूर तालुक्यातील टेलच्या शेतकऱ्याला विचारा, तो आकड्याकडे ढुंकूनही पाहत नाही. आपल्या दाऱ्यावर पाणी आले काय, एवढेच पाहतो. हेडला मोजलेले पाणी आणि टेलला पोचलेले पाणी यांत वाटेतल्या सगळ्या गळतीचा आणि सगळ्या राजकारणाचा फरक असतो. पाटबंधारे खात्यातही म्हणूनच ‘टेल टू हेड’, म्हणजे शेवटच्या शेतकऱ्याला आधी, अशी आवर्तनाची भाषा आली. ती अमलात किती येते हा वेगळा विषय.

सार्वजनिक व्हीसी सर्व्हरांच्या याद्या २०२० च्या टाळेबंदीत युरोपात, विशेषतः जर्मनीत, पुष्कळ झाल्या. उत्साही मंडळींनी सर्व्हर कोणत्या देशात आहे, कोणत्या कंपनीच्या यंत्रावर आहे, किती वेगाने ओ देतो, याचे तक्ते केले. काम मोलाचे होते. पण ती मोजणी हेडची. जर्मनीत बसून जर्मनीतला सर्व्हर मोजला तर तो चपळ दिसणारच. आपल्याला पाहिजे ती मोजणी टेलची.

अंतराचा हिशेब भूगोलाच्या कोणत्याही विद्यार्थ्याला करता येईल. काचेच्या तंतूतून प्रकाश सेकंदाला सुमारे दोन लाख किलोमीटर जातो. बारामती ते मुंबई सरळ रेषेत सुमारे दोनशे किलोमीटर. जाऊन येण्यास दोन सहस्रांश सेकंद. बारामती ते जर्मनीतील फ्रांकफुर्ट सुमारे पावणेसात हजार किलोमीटर. जाऊन येण्यास निदान सदुसष्ट-अडुसष्ट सहस्रांश. हे झाले निसर्गाने घातलेले किमान भाडे. प्रत्यक्ष केबल सरळ रेषेत जात नाही. मुंबईहून अरबी समुद्र, तांबडा समुद्र, भूमध्य समुद्र असे वळसे घेते आणि वाटेत थांबेही असतात. सप्टेंबर २०२५ मध्ये जेद्दाजवळ तांबड्या समुद्रातील केबली तुटल्या तेव्हा भारत आणि युरोप यांमधील वाहतूक मंदावली होती. फ्रांकफुर्टच्या सर्व्हरने त्या दिवशी काय पाप केले होते?

आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाची शिफारस अशी की, बोलणे एका टोकाकडून दुसऱ्या टोकाला १५० सहस्रांश सेकंदांच्या आत पोचले तर बहुतेक वेळा संभाषण सहज वाटते. ४०० च्या पुढे जाऊ देऊ नये. मधल्या पट्ट्यात शब्द नीट ऐकू येतात, पण माणसे एकमेकांच्या बोलण्यात पाय घालतात. “हां, बोला”, “नाही, तुम्ही बोला”, असे दोनदा झाले की समजावे, आपण त्या पट्ट्यात आहोत. आणि एक गोष्ट विसरू नये: बारामतीचा विद्यार्थी आणि इंदापूरचा विद्यार्थी यांच्यात रस्त्याने फार तर तासा-दीड तासाचे अंतर, पण सर्व्हर फ्रांकफुर्टला असेल तर त्यांचे प्रत्येक वाक्य जर्मनीला जाऊन परत येते. (व्हीसीत दोघेच असतील तर जित्सी त्यांना शक्य तेव्हा थेट जोडून देते, तिसरा आला की पूल लागतो. म्हणून दोघांनी केलेली चाचणी वर्गाला लागू पडत नाही.)

स्पर्धेच्या त्या प्रकारानंतर आम्ही तिघांनी एक वही घातली. एकजण बारामतीत वसतिगृहावर, एकजण इंदापूर गावात, आणि तिसरी ती वर्गमैत्रीण, आपल्या वस्तीवर. तीन सार्वजनिक सर्व्हर निवडले: एक मोठ्या कंपनीच्या छत्राखालचा, एक भारतातील स्वयंसेवकांचा, एक युरोपातील. पंधरा दिवसांच्या वहीवर कोणाला प्रमाणपत्र द्यावे किंवा कोणाचे नाव घालवावे असे मला वाटत नाही. म्हणून त्यांना क, ख, ग म्हणतो.

पद्धत अगदी बाळबोध ठेवली. सकाळी, दुपारी आणि रात्री नऊला पाच-पाच मिनिटे बसावयाचे. एकाने वीस आकडे वाचावयाचे, इतर दोघांनी लिहून घ्यावयाचे. मग पाळी बदलावयाची. आकडे उलटसुलट घेतले, पाढे मुद्दामच टाळले. कारण पाढा म्हटला की मधला गळालेला आकडा ऐकणारा मनानेच भरून काढतो आणि सर्व्हरला फुकटचे गुण मिळतात. एकदा कॅमेरा चालू ठेवून, एकदा बंद करून. जित्सीत प्रत्येकाच्या चित्राच्या कोपऱ्यात लहान पट्ट्यांची खूण असते. तिच्यावर बोट ठेवले की वेग, गळालेल्या पाकिटांचे शेकडा प्रमाण, चित्राचे माप हे सर्व दिसते. तेही टिपून ठेवले. कोणाकोणात, कोठून कोठे, हा रकाना मात्र पहिला.

हा रकाना पहिला ठेवला म्हणूनच वहीतील मुख्य गोष्ट दिसली. बारामती आणि इंदापूर गाव यांत तिन्ही सर्व्हरांवर फारसा फरक पडला नाही. फरक होता तो वस्तीच्या बाबतीत, आणि तोही एकाच दिशेने: वस्तीवर आमचे आकडे जवळजवळ पुरे पोचत, वस्तीवरून आमच्याकडे येताना गळत. मोबाइलच्या जाळ्यात खाली उतरणारी वाट रुंद आणि वर चढणारी अरुंद असते. मनोरा लांब असला की फोनचा क्षीण आवाज तेथवर जाण्यास आणखी कष्ट पडतात. ऐकण्यापुरते सर्व ठीक, बोलावयास गेले की घोळ. श्रोता म्हणून ती मुलगी वर्षभर प्रत्येक तासाला हजर होती आणि कोणाला काही जाणवले नाही. वक्ता म्हणून उभी राहिली त्या पाच मिनिटांत ते जाणवले.

दुसरी गोष्ट कॅमेऱ्याची. कॅमेरा बंद केल्याबरोबर वस्तीवरील आकडे बरेचसे पोचू लागले आणि क, ख, ग यांतील अंतरही बहुतांशी बुजले. याचा हिशेब सोपा आहे. सेकंदाला एक मेगाबिट या दराने चित्र पाठवले तर तासाला ४५० एमबी होतात. नुसता आवाज ४० किलोबिट दराने तासाला १८ एमबी. रोजच्या दीड जीबीत ज्याला सगळे भागवावयाचे त्याच्यासाठी हा फरक पैशाचाही आहे. ‘सर्वांनी कॅमेरे चालू ठेवावेत’ ही सूचना शिस्तीच्या दृष्टीने कितीही योग्य असो, टेलच्या विद्यार्थ्याचे तोंड बंद करण्याचा तो हमखास उपाय आहे, असे मी वहीवरून निःसंकोचपणे म्हणेन.

तिसरी गोष्ट वेळेची. जवळचा सर्व्हर सकाळी सुरेख, रात्री नऊला मंद. लांबचा सर्व्हर दिवसभर एकसारखा, पण त्यावर बोलताना पायात पाय अडकत. सरासरी काढली असती तर दोघे सारखेच ठरले असते. आणि सरासरीवर तास घेता येत नाही. चालू राहण्याच्या टक्केवारीचेही तसेच. ९९ टक्के म्हटले की आपल्याला विशेष प्रावीण्य आठवते. तीस दिवसांच्या महिन्यात एक टक्का म्हणजे सात तास बारा मिनिटे. ती कोणत्या वेळी आली हे महत्त्वाचे. युरोपातील व्यवस्थापक दुरुस्तीचे काम आपल्या लोकांची झोपमोड नको म्हणून पहाटे तीनला काढतो. हिवाळ्यात त्यावेळी आपल्याकडे साडेसात वाजलेले असतात, म्हणजे सकाळच्या महाविद्यालयाची पहिली घंटा.

आता आवाजापलीकडील तुलना. सर्व्हर कोणाचा, हा प्रश्न आपण विचारीत नाही, कारण फुकट मिळणाऱ्या गोष्टीला मालक असतो हेच लक्षात येत नाही. जित्सीच्या पुलाकडे जाणारी वाट कुलूपबंद असते, पण पुलावर ते कुलूप सामान्यतः उघडले जाते व पुढे जाताना नव्याने लागते. म्हणजे पाटकऱ्याने मनात आणले तर त्याला पाणी दिसू शकते. या टोकापासून त्या टोकापर्यंत कुलूप कायम ठेवण्याची सोय जित्सीने २०२० मध्ये आणली. ती मुद्दाम लावावी लागते आणि प्रत्येक ब्राउझरवर चालत नाही. बिगब्लूबटनमध्ये वेगळी मेख आहे. ज्या सभेला ध्वनिचित्रमुद्रणाची परवानगी देऊन ठेवलेली असते, तिचा कच्चा साठा मुद्रणाचे बटण दाबण्यापूर्वीपासूनच सर्व्हरवर जमू शकतो. तो किती दिवस ठेवावयाचा हे व्यवस्थापकाच्या हाती. तसेच, आपला फोन इंटरनेटवर कोणत्या पत्त्याने दिसतो हे सांगणारा एक छोटा मदतनीस सर्व्हर लागतो. कित्येक स्वतंत्र म्हणवणाऱ्या सर्व्हरांनी ही चौकशी आरंभी गूगलच्या यंत्राकडेच सोपवलेली होती. युरोपातील याद्यांत यासाठी वेगळा रकाना असे, तो मला फार आवडला.

जुलै २०२० मध्ये बर्लिनच्या विदासंरक्षण आयुक्तांच्या कार्यालयाने व्हीसी सेवांना लाल, पिवळा, हिरवा असे दिवे लावले. झूम, टीम्स, गूगल मीट यांना लाल मिळाला, आणि काही पुरवठादारांनी चालवलेल्या जित्सीला हिरवा. यावरून ‘जित्सी हिरवे’ असा निष्कर्ष पुष्कळांनी काढला. वास्तविक दिवा होता तो त्या त्या पुरवठादाराच्या करारपत्राला आणि व्यवस्थेला. संहितेला पारितोषिक मिळाले म्हणून गावोगावचा प्रयोग चांगला होत नाही, हे स्नेहसंमेलनाचा अनुभव असलेल्यांना सांगावयास नको.

आपल्याकडे एप्रिल २०२० मध्ये केंद्रीय गृहमंत्रालयाने झूमविषयी सावधगिरीची सूचना काढली, आणि त्याच महिन्यात स्वदेशी व्हीसी प्रणालीसाठी स्पर्धा जाहीर झाली. ऑगस्टमध्ये केरळातील टेकजेन्शिया ही कंपनी तीत पहिली आली. त्या धांदलीत मुक्तस्रोत सर्व्हरांकडे लक्ष गेले ते थोड्यांचेच. ‘फ्री सॉफ्टवेअर कम्युनिटी ऑफ इंडिया’ या स्वयंसेवी मंडळींनी सर्वांसाठी खुला जित्सी सर्व्हर उभा केला, याची वार्ता आमच्या तालुक्यात तरी पोचल्याचे मला आठवत नाही.

सार्वजनिक सर्व्हर म्हणजे उन्हाळ्यातील पाणपोई. रांजण कोणीतरी भरत असतो. मार्च २०२० मध्ये फ्रान्समधील फ्रामासॉफ्ट या संस्थेने आपल्या फुकट सेवा सरकारी शिक्षणखात्याच्या लोकांनी टाळेबंदीत वापरू नयेत, अशी जाहीर विनंती केली. कारण सरळ होते: ज्यांच्यामागे अख्खे मंत्रालय उभे आहे त्यांनी रांजण रिकामा केला तर वाटसरूंनी कोठे जावे? जित्सीचा स्वतःचा जगप्रसिद्ध सर्व्हरही पूर्वी नाव-गाव न विचारता कोणालाही खोली उघडून देई. गैरवापराच्या तक्रारींनंतर ऑगस्ट २०२३ पासून खोली उघडणाऱ्याला गूगल, फेसबुक किंवा गिटहब यांपैकी एकाच्या ओळखीने आत यावे लागू लागले. यात कंपनीला दोष देण्यासारखे मला काही दिसत नाही. पण ज्यांनी वर्षाचे वेळापत्रक त्या एका दुव्यावर टांगले होते त्यांची त्या आठवड्यात तारांबळ उडाली असणार.

मोजणी करणाऱ्यानेही रांजणाचे भान ठेवावे. जित्सीच्या घडणीत भार तपासण्याचे एक साधन आहे, त्याचे नाव ‘टॉर्चर’, म्हणजे छळ. खोटी माणसे खोलीत घुसवून ते सर्व्हरचा दम पाहते. ते स्वतःच्या सर्व्हरवर वापरावयाचे. दुसऱ्याच्या पाणपोईवर हजार लोटे आपटून ‘रांजण लहान आहे’ असा अहवाल लिहिणे सभ्यतेचे नव्हे.

मग महाविद्यालयाने स्वतःचाच सर्व्हर घालावा काय? माझे मत, लगेच घालू नये. बिगब्लूबटनला निदान सोळा जीबी स्मृती आणि आठ गाभ्यांचा प्रोसेसर लागतो. जित्सी याहून बेताच्या यंत्रावर चालते. यंत्राचा खर्च निघेल. रात्री अकराला पूल पडला तर उठून तो उभा करणारा माणूस कोण, हे ठरल्याशिवाय यंत्र आणणे म्हणजे पाटकऱ्याविना कालवा खणणे. तोपर्यंत जवळचा एक सर्व्हर मुख्य आणि लांबचा एक राखीव, दोन्ही दुवे आधीच सर्वांना दिलेले. तासाला फक्त अध्यापकांचा कॅमेरा. आणि ज्या दिवशी विद्यार्थ्यांनी बोलावयाचे असते, म्हणजे तोंडी परीक्षा, चर्चासत्र, स्पर्धा, त्याच्या आदल्या दिवशी त्याच वेळी, सर्वांत लांब राहणाऱ्या विद्यार्थ्याकडून वीस आकडे वदवून घ्यावेत. अठरा पोचले तर सभा भरवावी. न पोचल्यास त्याला फोनवरून बोलू द्यावे. साधा फोन हा काही कमीपणा नाही. आमच्या विभागातील प्राध्यापकांनी दुसऱ्या सत्राच्या तोंडी परीक्षेत ही पद्धत एकदा वापरून पाहिली, तेव्हा तीन विद्यार्थ्यांची परीक्षा फोनवर घ्यावी लागली आणि तिघांनाही गुण मिळाले.

वही सध्या ग्रंथालयात संदर्भ विभागाच्या टेबलावर आहे. रकाने आखलेले आहेत: तारीख, वेळ, कोठून, कोठे, सर्व्हर, वायफाय की मोबाइल, कॅमेरा, वीसपैकी किती. माळेगाव, काटेवाडी, सणसर, निमगाव केतकी येथील मित्रांच्या नोंदी येऊ लागल्या आहेत. सुपे-मोरगावच्या जिरायती पट्ट्यातून दोनच आल्या आणि बावड्याकडून अद्याप एकही नाही.